शंभरातून दहा वजा

रस्त्यावर धावणाऱ्या झाडून सगळ्या गाड्यांचे वेगाचे काटे खोटं बोलतात आणि हे ओळखणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच आहे, असं माझ्या थोरल्या साडूंचं ठाम मत होतं. वीस वर्षं त्यांच्या मागच्या सीटवर बसून बसून माझंही तेच झालं होतं. त्यांचा तरी काय दोष? त्यांची सगळी नोकरी जिनिंगच्या वजनकाट्यावर गेली. कापसाची गाडी वर चढली की शेतकरी म्हणणार काटा कमी दाखवतो, व्यापारी म्हणणार जास्त दाखवतो, आणि दोघांच्या मधे हे. जिनिंग बंद पडल्यावर राजूरला आमच्या शेजारच्या गल्लीत राहायला आले, ते माझ्या मोठ्या मेहुणी अक्का, एक जुनी मोटारसायकल आणि काट्यांविषयीचा हा संशय घेऊनच.

संशय नुसता धरून बसणाऱ्यांतले ते नव्हेत. एके रविवारी मला मागे बसवून, हातात घड्याळ देऊन त्यांनी भोकरदनच्या रस्त्याला गाडी घातली. काटा साठवर धरायचा, किलोमीटरचा दगड आला की मी ओरडायचं, पुढचा आला की पुन्हा ओरडायचं. मी एकदा शेंदूर फासलेल्या दगडाला बघून ओरडलो. गाडी थांबली, आम्ही मागे गेलो, देवाला हात जोडले आणि मोजणी पहिल्यापासून सुरू केली. असे सहा रविवार गेल्यावर निकाल लागला. काटा साठ म्हणतो तेव्हा गाडी चोपन्ननं जाते. म्हणजे शंभरातून दहा वजा. तेव्हापासून ते जगातल्या प्रत्येक आकड्यातून दहा टक्के कापत आले. एका लग्नात कुणाचा तरी जावई पंगतीत सांगत होता, "काल मी शंभरनं आलो." साडू जिलेबीवरची नजर न काढता म्हणाले, "नव्वद." जावई त्या घरी पुन्हा कधी मोकळेपणानं जेवला नाही म्हणतात.

गाडीची सेवा तर अशी, की घरातल्या माणसांनी हेवा करावा. निघण्याआधी दोन बोटांनी चेन वर-खाली करून ढिलाई बघायची. टायरवर बोटाच्या पेराने टकटक करून, कान लावून हवा ओळखायची. साइड स्टँडवर गाडी कधीच लावायची नाही, कारण "तिची कंबर वाकडी होती." पोचल्यावर इंजिन थंड होईपर्यंत वर कापड टाकायचं नाही, कारण "ताप असताना कुणी रजई घालतं का?" एकदा सायलेन्सरला हात लावून ते मला म्हणाले, "पाव्हणं, आज ती नाराज आहे." मी खरंच घाबरून त्यांच्या घराकडे बघितलं.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, परवाच्या रविवारपर्यंत. त्या दिवशी आमच्या मुलीची भरतीची परीक्षा होती. तीन वर्षं अभ्यास केलेली, वयाच्या अटीत बसणारी शेवटची. केंद्र जुन्या जालन्यातल्या एका कॉलेजात, गेट दीडला बंद. पोरगी आईबरोबर सकाळच्याच एसटीनं गेली होती. बारा पस्तीसला तिचा फोन आला. आवाज नको इतका शांत.

"बाबा, फाइलमधे ओळखपत्राच्या पाच झेरॉक्स आहेत. ओरिजनल कुठंय?"

ओरिजनल माझ्या शर्टाच्या खिशात होतं. आदल्या संध्याकाळी, तिनं नको म्हटलेलं असताना, "दोन जास्तीच्या असू दे" म्हणून मीच झेरॉक्स काढायला गेलो होतो. झेरॉक्स फाइलमधे नीट लावल्या, आणि ज्याच्या झेरॉक्स, ते कार्ड खिशात. एवढं जबाबदारीचं काम माझ्याकडून बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

माझी स्कूटर पंक्चर. काळीपिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही. मी धावत साडूंच्या दारात गेलो. त्यांनी ऐकलं, हेल्मेट घातलं, आणि मग खाली बसून दोन बोटांनी चेन बघायला लागले.

"साडूबुवा, गेट बंद होईल हो!"

"चेन तुटली तर चालत जाताल का?"

पुढचा टायर वाजवला, मागचा वाजवला. निघालो तेव्हा एकला दहा कमी होते. गावाबाहेर पेट्रोल पंप आला. मला ठाऊक होतं की गाडी तीन दिवसांपासून रिझर्व्हवर आहे.

"पेट्रोल टाकून घेऊ?"

"काही गरज न्हाई. रिझर्व्हवर पन्नास जाती, गाडीच्या पुस्तकातच लिव्हेल आहे. मीटरनं चोवीस झाले, म्हंजे खरे साडेएकवीस. राहिले साडेअठ्ठावीस. कॉलेज सत्तावीसवर. दीड किलोमीटर शिल्लक राह्यलंय. लाइन बघितली का किती आहे?"

लाइन खरंच मोठी होती. शिवाय त्यांचा हिशेब मी वीस वर्षांत कधी चुकलेला बघितला नव्हता. आम्ही पंप मागे टाकला.

तसा प्रवास मी आयुष्यात केलेला नाही. काटा पन्नासवर चिकटलेला, म्हणजे खरे पंचेचाळीस. मागून ट्रॅक्टरसुद्धा अंगावर आल्यासारखे वाटत होते. "थोडं वाढवा की!" मी कानात ओरडलो. "वाढवलं की पेट्रोल पितंय," हेल्मेटातून उत्तर आलं. दर दोन मिनिटांनी मी खिसा चाचपत होतो. बायकोचा फोन आला. "अहो, पोरी आत चालल्यात. ही गेटापाशीच उभी आहे. कुठवर आलात?" मी म्हटलं, आलोच. आसपास फक्त कपाशी दिसत होती.

जालन्याची घरं सुरू झाली तेव्हा एक पंचवीस झाले होते. मी देवाचं नाव घेतलं आणि त्याच क्षणी गाडीनं एक आचका दिला. मग दुसरा. आणि भर रस्त्यात, धान्याच्या दुकानांसमोर, ती गप्प उभी राहिली.

साडू मीटरकडे बघत राहिले. रिझर्व्ह लागल्यापासून मीटरवर बरोबर पन्नास भरले होते. वजा काही नाही.

"असं कसं..." ते पुटपुटले. त्यांचा चेहरा मला त्या वेळी बघवला नाही. लगेच त्यांनी मला खाली उतरवलं, टाकीचं झाकण उघडलं, जोरात फुंकर मारली आणि गाडी डावीकडे पार आडवी केली. कोपऱ्यातलं उरलंसुरलं पेट्रोल या बाजूला आलं. किक मारली, चालू झाली. आम्ही दोन गल्ल्या पुढे गेलो आणि ती पुन्हा बसली. या वेळी कायमची. रिक्षा नाही, ओळखीचं कुणी नाही. एक सत्तावीस.

"कार्ड द्या," साडू म्हणाले.

"मी पळतो ना!"

"तुमी?" त्यांनी माझ्या पोटाकडे एकदाच बघितलं, कार्ड हिसकावलं आणि पळत सुटले.

बासष्ट वर्षांचा माणूस. धोतर नव्हतं एवढंच नशीब. हेल्मेट तसंच डोक्यावर, हात पुढे, कार्ड हातात, पोत्यांच्या थप्प्यांतून, हातगाड्यांना चुकवत. एक हमाल ओरडला, "अहो काका, गाडी मागंच राह्यली!" मी गाडी ढकलत मागून निघालो. साइड स्टँडवर लावून पळावं, असं मनात आलं होतं; पण त्या माणसाची गाडी कंबर वाकडी करून सोडायचा धीर झाला नाही.

मी पोचलो तेव्हा गेट बंद होतं. साडू भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते, हेल्मेट डोक्यावरच, छाती भात्यासारखी हलत होती. मला बघून त्यांनी काही बोलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, नुसता गेटाकडे हात केला. बंद गेट. मी गाडी धरूनच उभा राहिलो.

"अहो, रडताय काय असे?" पाणी घेऊन आलेली बायको म्हणाली. "गेली ती आत. गेट लावून राह्यले होते, दाजींनी मधे हेल्मेट घातलं, डोक्यासकट. तो गेटवाला भिऊनच गेल्ता."

पेपर सुटायला अजून दोन तास होते. समोरच एका गाड्या दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीचं दुकान होतं. साडूंनी बाटलीभर पेट्रोल आणवून टाकीत ओतलं आणि खटला त्याच्यापुढे मांडला. मेस्त्री हात पुसत हसला. "काका, काटा जास्त दाखवतो, ते बराबर. कंपनीच तसा ठेवती. पण खालचे किलोमीटरचे आकडे असतात ना, ते दात्यांवर फिरतात. ते खरेच असतात. त्यातून कशाला कापता?"

साडू मीटरसमोर उकिडवे बसले. चुका दोघांच्याही होत्या, आणि त्यांची माझ्यापेक्षा हुशारीची होती. शेवटी ते मीटरच्या आकड्यांवरून अंगठा फिरवत म्हणाले, "पाव्हणं, मंग मी समजत होतो त्याच्यापेक्षा जास्त हिंडलो म्हणायचं. हे सगळे दहा-दहा टक्के मी सोडूनच देल्ते."

"बरेच होतील."

"बरेच. अन् त्यातले निम्मे तुमच्या अक्काला मागं बसवून." अंगठ्याची धूळ त्यांनी विजारीला पुसली. "दोन वर्षं झाली, बसत न्हाई ती. गुडघे."

साडेतीनला गेट उघडलं. पोरगी बाहेर आली, मला आणि आईला ओलांडून सरळ त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "काका, सगळं सोडवलं. दोनच प्रश्न राहिले." त्यांनी मान हलवली. शंभरातून दोन वजा झाले होते, त्यांना काहीच म्हणायचं नव्हतं. मग कोपऱ्यात जाऊन त्यांनी घरी फोन लावला. ऐकायला कमी येतं म्हणून स्पीकर सुरू असतो, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"पोरीचं झालं बरं का."

"बरं झालं बाई," अक्का म्हणाल्या. "या आता जल्दी."

"ऐक ना. गाडीवर बसून येतीस का एकदा? शहागडला जाऊ, गंगेवर. हळू जाऊ."

"येड लागलं का तुमाला? गुडघे बघा माझे." पलीकडे थोडा वेळ नुसतं भांडं घासल्याचा आवाज येत राहिला. मग तो थांबला. "किती लांब आहे?"

राजूरपासून मराठवाड्यातल्या प्रत्येक गावाचं अंतर ज्यांना तोंडपाठ, ते माझे साडू हेल्मेट काखेत घेऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले.

"माहीत न्हाई," ते म्हणाले. "जाऊन बघू."