फरक सांगायचा नाही, करून दाखवायचा

१८ जुलै, शनिवार. सकाळी आभाळ भरलेलं, पाऊस नाही. दहानंतर उकाडा.

इंग्रजी शब्द लिहायला म्हणून ही वही घेतली होती. आज चाळली तर शब्द निम्म्याच पानांवर. बाकी पानांवर देगलूरकर सरांचे किस्से. कधी एवढे साठले, कळलं नाही.

सर म्हणजे जामबागचे निवृत्त शिक्षक. रोज सकाळी सातला त्यांच्या व्हरांड्यात आम्ही तिघं इंग्रजी शिकतो: मी, बेगम बाजारात मसाल्याचं दुकान असलेले श्यामराव आणि कल्पनाताई. आम्हा दोघांची हौस आहे. कल्पनाताईंचं तसं नाही. यजमान गेल्यापासून दोन मुलाखतींत इंग्रजीवर अडून त्या परत आल्या होत्या. आता एका दवाखान्यात रिसेप्शनिस्टची जागा निघाली होती. तीही हुकली तर मुलीची शाळा सोडवून नांदेडला भावाकडे राहायला जायचं ठरलं होतं.

सरांचा नियम एकच. जवळजवळच्या अर्थाचे दोन शब्द आले, की फरक तोंडानं सांगायचा नाही. उठायचं आणि करून दाखवायचा.

*

पहिल्याच आठवड्यात सी, लुक आणि वॉच आले. सरांनी श्यामरावांना गॅसवरच्या दुधापाशी उभं केलं. "हे वॉच करा."

पाच मिनिटांनी सर सहज म्हणाले, "श्यामराव, काल दुकान कसं चाललं?"

श्यामराव वळले. "हौ सर, चांगलं..." तेवढ्यात दूध ओट्यावर.

"माझ्याकडे पाहिलंत ते लुक," सर फडकं घेत म्हणाले. "वॉच तिथंच संपला."

त्या दिवशी सगळ्यांनी कोरा चहा घेतला. श्यामराव अजून दुधाकडे पाठ करत नाहीत.

*

वासाच्या शब्दांना मात्र श्यामरावांनी सरांना गाठलं. कागदाच्या पुडीत हिंग घेऊन आले आणि पुडी मधोमध ठेवली.

"गिऱ्हाईक समोर असलं की हा अरोमा. शटर ओढताना स्मेल. घरी पोचलो की बायको म्हणते, अंगाचा ओडर घेऊन आत येऊ नका."

सरांनी आपली वही मागवून घेतली आणि तारीख घालून ते तसंच्या तसं उतरवलं. म्हणाले, "सगळा जन्म शिकवण्यात गेला, हा क्रम मला सुचला नव्हता."

*

रॉब आणि स्टील हे शब्द झाले त्या दिवशी दुपारी चारला माझ्या नारायणगुड्याच्या घराची बेल वाजली. दारात सर, घामानं भिजलेले.

"सकाळी मी उलटं सांगितलं. ज्याला लुटलं त्याला रॉब केलं. जे पळवलं ते स्टील केलं. वही आणा."

"सर, उन्हात कशाला आलात? फोन करायचा."

"फोनवर तुम्ही खोडलेलं मला दिसलं नसतं."

मी खोडेपर्यंत ते उभेच होते. मग पाणी प्यायले. श्यामरावांकडे जायचं राहिलं होतं, म्हणून बसले नाहीत.

*

आंबा चिरताना सरांचा अंगठा कापला. दोन टाके पडले. सरांना आनंद झाला, कारण ट्रीट, क्युअर आणि हील शिकवायचे राहिले होते. रोज वर्गाच्या सुरुवातीला अंगठा सगळ्यांपुढे फिरायचा.

नवव्या दिवशी कल्पनाताईंनी तो उजेडात धरून पाहिला. "हील झाला, सर."

"डॉक्टरांनी काय केलं?"

"ट्रीट केलं."

"मग क्युअर कोणी केलं?"

कल्पनाताई नेहमीसारख्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही आजारीच नव्हता, सर. क्युअर कशाला लागतंय?"

सरांनी त्याच अंगठ्यासकट हात जोडले.

*

आज कल्पनाताईंची मुलाखत होती. तिथून त्या थेट सरांकडे आल्या, आम्ही वाट बघत बसलोच होतो.

कल्पनाताई सांगू लागल्या. दवाखान्याचे डॉक्टर आणि मॅनेजर बाई समोर होते. नाव, शिक्षण झालं. मग बाईंनी अर्जावर बोट ठेवलं. "तुम्ही इथं होप लिहिलंय. होप आणि एक्स्पेक्टमध्ये फरक काय?"

कल्पनाताई सवयीनं उठल्या. दार उघडून बाहेर गेल्या. बाकावर आठ पेशंट होते. त्यांना खणखणीत आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर इज एक्स्पेक्टेड ॲट इलेव्हन. प्लीज वेट." एका म्हाताऱ्या बाईंना तेच तेलुगूत सांगितलं, पंख्याखालच्या खुर्चीवर बसवलं. मग दारातून आत वळून मॅनेजर बाईंना म्हणाल्या, "दे होप टू गो होम बाय ट्वेल्व्ह."

तेव्हा साडेदहा झाले होते. आठपैकी पाच पेशंट चहा प्यायला खाली उतरले. डॉक्टर आत खुर्चीवर बसलेले.

"अरे देवा," श्यामराव म्हणाले. "मग डॉक्टर काय म्हणाले?"

"काही नाही. अकरापर्यंत बाहेरच आले नाहीत."

साडेबाराला फोन आला. कल्पनाताईंची निवड झाली. सोमवारी सकाळी साडेआठला हजर व्हायचं आहे.