नाहीतरी तू येणार नाहीसच

माझी आत्या शिवणकाम करते आणि देव मानत नाही. त्यामुळे घरचे सगळे प्रार्थनेला निघाले की अंथरुणाला खिळलेल्या आजीपाशी तिनंच थांबायचं, हे न विचारताच ठरून गेलंय. "नाहीतरी तू येणार नाहीसच," म्हणत मोठे काका चपला घालतात. तिचं मशीन तसंच पडून राहतं. आजीचं अंग पुसा, कूस बदला, चादरी धुवा, सगळं हिच्या गळ्यात. आणि वर हे ऐका: आजी जरा सुधारली की देवाची कृपा, ताप चढला की हिचं नास्तिकपण! वा रे न्याय!

परवा आजी बऱ्याच दिवसांनी चार घास जेवली. काका प्रार्थनेहून आले आणि हे कळताच डोळे पुसू लागले. "बघ, आम्ही आईसाठी हात जोडले म्हणून ती जेवली. तू कधी तिच्यासाठी काही मागितलंस?"

आत्यानं पलंगाखालचं आजीचं शौचाचं भरलेलं भांडं काढलं आणि त्यांच्या त्याच हातांत ठेवलं.

"मागते की, दादा. रोज मागते. पण देवाकडे नाही, तुझ्याकडे. जा, रिकामं करून आण."