पोटावरचा करदोडा

माझ्या मोठ्या भावाचे हातपाय बारीक. पोट मात्र चाळिशीनंतर पुढे येत गेलं. आमच्या डोणगावात याला कुणी दुखणं म्हणत नाही. 'भाऊनं अंग धरलं' म्हणतात आणि वहिनीकडे कौतुकानं बघतात. भाऊही सांगायचा, "मी कायचा जाड? प्यांट तं अजून लग्नातल्याच मापाची हाये." ते खरंच होतं. प्यांट तो पोटाच्या खाली बांधायचा. वर पोटाला वाढायला मोकळं रान होतं.

दहावीनंतर त्यानं शाळा सोडली आणि शेत धरलं, म्हणून मी कॉलेजात जाऊ शकले. "घरचं मी पाहतो, तू शिक," एवढंच तो तेव्हा म्हणाला होता. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आज बुलढाण्यात शाळेवर शिकवते, ते त्या एका वाक्यामुळे.

त्या रविवारी मी आणि माझे यजमान गाडीनं माहेरी गेलो, तेव्हा भाऊ ओसरीवर उताणा पडलेला होता. पोटावर कणकेचा दिवा लावून त्यावर वहिनीनं तांब्या पालथा घातला होता. आत दिवा विझला की तांब्या कातडी ओढून घट्ट बसतो. बेंबी सरकली की आमच्याकडे हाच उपाय.

"सकायपासून पोटात वरच्या अंगाले दुखून राह्यलं त्याइचं," वहिनी म्हणाली. "काल पोतं उचललं न, बेंबी सरकली."

मी भावाच्या कपाळाला हात लावला. घामानं थंडगार होतं. उन्हाळा नव्हता, अंगावर काम नव्हतं.

"भाऊ, अजून कुठं दुखतं?"

"जबडा भारी भारी वाटते. गॅस असंन. तू काऊन घाबरली वं?"

तांब्या निघत नव्हता. मी कडेला बोट घालून तो उपटला तशी वहिनी चिडली. "बाई, अर्ध्यातून काढू नोका, आराम पडून राह्यला होता!" मी यजमानांना गाडी सुरू करायला सांगितली.

गावातल्या डॉक्टरांनी ईसीजीचा कागद काढला, बघितला आणि भावाला एक गोळी चावायला दिली. आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "हार्ट अटॅक आहे. बुलढाण्याला न्या, कुठं थांबू नका." रस्ताभर भाऊ मागच्या सीटवर वहिनीच्या खांद्याला टेकून होता. मेहकर गेलं, चिखली गेली. तो बोलत होता तोवर मला भीती कमी वाटायची. गप्प झाला की मी मागे वळून बघायची. "जित्ता हाओ," तो डोळे मिटूनच म्हणायचा.

दवाखान्यात सगळं भराभर झालं, पण एका ठिकाणी अडलं. सिस्टर म्हणाली, "हृदयाची नस उघडायची नळी मनगटातूनच घालणार, पण नाहीच जमलं तर जांघेतून घालावी लागते. कमरेचा दोरा काढा."

कमरेला काळा करदोडा होता, त्यात चांदीचा ताईत. पोट वाढत गेलं तसा तो आत रुतला होता. गाठ घडीत दबून दगडासारखी झालेली. वहिनीनं नखं लावली, केसातली पिन लावली. गाठ हलेना. सिस्टरनं कात्री पुढे केली, तर वहिनीनं तिचा हातच धरला.

"तोडू नोका! सोडा म्हणा, तोडू नोका!"

"अहो, वेळ नाही आपल्याकडे."

"करदोडा कवा तोडतात मालूम हाये काय तुमाले?"

सिस्टरला माहीत होतं की नाही कोण जाणे. मला माहीत होतं. आमच्याकडे माणूस गेला की सरणावर ठेवण्याआधी त्याचा करदोडा तोडतात. जिवंतपणी कात्री लावत नाहीत. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "पेशंट का आला नाही अजून?" मी वहिनीचे हात सोडवायला गेले, पण ते सुटेनात.

तेव्हा स्ट्रेचरवरून भाऊच बोलला. आवाज पार खोल गेला होता.

"अवं, इकडं पाह्य. मेल्यावर तोडतात तवा माणसाले दिसत नाही. मी तं पाहून राह्यलो. मंग कायचं भेव? तूच तोड."

वहिनीनं कात्री घेतली. करदोडा वर उचलायला मी बोट घालून बघितलं, पण बोटही आत जाईना. शेवटी ताईताच्या बाजूनं कात्रीचं टोक शिरलं. करदोडा तुटला, खाली कातडीवर लाल चर उमटलेला होता. स्ट्रेचर आत गेलं.

बाहेर आम्ही तिघं बसलो. वहिनी तुटलेला दोरा मुठीत धरून एकच म्हणत होती, "माया हातानं तोडला, बाई. माया हातानं."

दार उघडलं तेव्हा डॉक्टरांचा चेहरा बघून काहीच कळेना. मग ते म्हणाले, "नस उघडली. वेळेत आणलं तुम्ही." वहिनी बाकावर वाकून रडली.

मी डॉक्टरांना विचारलं, एवढे बारीक हातपाय असताना हे कसं? ते म्हणाले, "तेच तर फसवतं. जाडी फक्त कातडीखाली नसते. पोटाच्या आत, लिव्हर-आतड्यांभोवती चरबी साठते ती जास्त वाईट. तिच्यानं साखर वाढते, रक्तदाब चढतो, नसा खराब होतात. यांची साखरही वाढलेली निघाली. कंबर बेंबीपाशी मोजायची, पँटच्या मापावर जायचं नाही. उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली की तपासून घ्यायचं."

"म्हंजे मी खाऊ घातलं तेच चुकलं काय?" वहिनीनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही एकट्या नाही, घरोघरी हेच आहे. आता चालणं, कमी तेल, कमी साखर आणि गोळ्या. एकही गोळी चुकवायची नाही."

काही महिन्यांनी मी माहेरी गेले तेव्हा भाऊ सकाळी फिरून आला होता आणि दारात शेजारचे काका बसलेले होते. "पोट गेलं राजा तुयं," ते भावाला म्हणत होते. "पार रया गेली. घरात खायले भेटत नाही काय बे?"

भाऊ हसला. वहिनी चहाचे कप घेऊन बाहेर आली. काकांच्या पुढ्यात कप ठेवत ती म्हणाली, "जाऊ द्या गेलं तं. माणूस हाये न घरात."