मी सोडवलेला ड्यूक

वेषांतर केलेला राजा सुटतोच, असं मी नातीला छातीठोकपणे सांगितलं, पुढचं पान उलटायची तसदीसुद्धा न घेता. तेव्हा मी जेमतेम एकसष्टची, अक्कल अजून यायची होती. त्यात जन्मभर चौथीच्या वर्गाला महाराजांचा इतिहास शिकवलेला. जगातले सगळे राजे त्याच पुस्तकाप्रमाणे वागत असणार, अशी माझी खात्री.

मुलगा-सून दोघंही ऑफिसात, म्हणून आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्या फ्लॅटवर मी नातीला सांभाळायला आले होते. नव्या शाळेत गेल्यापासून पोरगी वर्गात तोंडच उघडत नव्हती. पालकांसमोरच्या कार्यक्रमातही बोलली नाही तर तिला वेगळ्या वर्गात बसवावं लागेल, असं टीचरने सांगितल्यापासून सुनेच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

कार्यक्रमात गोष्ट सांगायला नातीच्या वाट्याला इटलीतला एक जुना ड्यूक आला होता. फ्रान्सच्या राजाने त्याचं राज्य हिसकावलं. हा डोंगर ओलांडून पळाला, पगारी स्विस सैनिक जमवले आणि परत चालून आला. फ्रेंचांना कंटाळलेल्या लोकांनी वेशी उघडल्या, राज्य मिळालं. मग फ्रेंच पुन्हा आले, आणि ऐन वेळी ह्याचे सैनिक अडून बसले. समोरच्या फौजेतही आमच्याच मुलखातली माणसं आहेत, त्यांच्यावर भाला कसा उगारायचा, म्हणाले. तेव्हा निसटण्यासाठी ड्यूकने साध्या सैनिकाचे कपडे चढवले आणि त्यांच्या रांगेत मिसळला.

इथे मी शाळेने दिलेले गोष्टीचे कागद मिटले. आग्र्याहून बैराग्याच्या वेषात निघालेले महाराज मला पाठ होते, आता ह्याचं वेगळं काय होणार? पुढचं मीच रचलं. पहारेकऱ्यांच्या नाकासमोरून चालत गेला, झाडीत घोडा तयार होता. नात मॉपचा भाला करून घरभर फिरायला लागली.

कार्यक्रमाला मी सुनेशेजारी मागच्या रांगेत बसले. एसीने बोटं गारठलेली. नातीबरोबर ओठ हलवावेत म्हणून पर्समधले कागद काढले आणि पहिल्यांदाच शेवटचं पान वाचलं. एका सैनिकाने त्याच्याकडे बोट दाखवलं होतं. ड्यूक पकडला गेला आणि कैदेतच मेला.

नात स्टेजवर चढत होती. मी हात हलवून नको नको केलं. तिला वाटलं, आजी चिअर करतेय. सुनेने माझा हात खाली ओढला.

ती बोलली. आधी पुटपुटत, मग भाला उगारल्यासारखी. ड्यूक झाडीत पोचला, आणि पहिल्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, राँग, ही गॉट कॉट. सगळे हसले. नात गप्प. सुनेने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, खलास, आता ही पोर कॉलेजात जाईपर्यंत बोलत नाही.

मग नातीने त्याला इंग्रजीत विचारलं, तू होतास का तिथे? तो काहीतरी म्हणाला, हिने त्याहून मोठ्याने उत्तर दिलं, आणि शेवटी टीचरला मध्ये पडून यल्ला, यल्ला, नेक्स्ट म्हणत पुढच्या मुलाला बोलवावं लागलं. सून रडत होती की हसत होती, मी विचारलं नाही.

टॅक्सीत नातीने माझ्याकडून ते शेवटचं पान मागून घेतलं आणि सावकाश वाचलं. मी खिडकीबाहेरच्या बिल्डिंगा फार लक्ष देऊन बघत राहिले. कागदाची घडी घालून ती म्हणाली, "आजी, नेक्स्ट टाइम मी वाचणार, तू ऐकायचं. आणि एंड चेंज नाही करायचा."