वरातीतून काकड्याला

एके काळी परतूर तालुक्यात माझ्या गाण्याशिवाय नवरदेव घोड्यावर बसत नव्हता. फुशारकी नाही, लग्नसराईत खरंच तसं होतं. माझ्या गाण्यावर वराती तासतास अडून राहायच्या आणि मुलीकडचे मला शिव्या घालायचे. मजा होती. ती सोडून मी भजनाकडे वळलो, तेव्हा वाटूरात, म्हणजे माझ्याच गावात, लोकांनी ठरवून टाकलं की गडी एक तर आवाजातून गेला, नाही तर डोक्यातून.

खरं कारण साधं होतं. एका दिवाळीत गावी आलो असताना पहाटे देवळातला काकडा ऐकला. चार-पाच म्हाताऱ्यांचे चिरके आवाज, पण एकमेकांत मिसळलेले. माझ्या गाण्यात मी एकटाच, बाकी सगळं मशीन. मला त्यांचा चक्क हेवा वाटला. त्यांच्यात आपल्यालाही जागा मिळावी, एवढीच इच्छा झाली.

पुढच्या वर्षी महिनाभराचा काकडा सुरू झाला तेव्हा हजर झालो. त्यांनी कौतुकाने अभंग म्हणायला दिला. मी गळ्यातलं होतं नव्हतं ते सगळं ओतलं. हरकती, ताना, काही बाकी ठेवलं नाही. टाळकरी तोंड उघडून बघत होते. मला वाटलं, गारद झाले. शेवटी सवयीने हात वर करून टाळ्यांसाठी थांबलोसुद्धा!

पखवाज वाजवणारे काका म्हणाले, "गळा झकास हाय बाबा तुझा. पण आमी कवा म्हणायचं? चरण आमच्याकडं सोडतच न्हाईस. समदे तोंड उघडून वाट बघून राह्यले."

भजनात एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी माझ्या हातात टाळ दिले. "मागं बस. आधी उचलायला शीक, मंग बघू."

मागे बसून गळा नुसता शिवशिवायचा. काकडा समाप्तीला आला तेव्हा कुठे काकांनी पुन्हा खूण केली. मी ओळ सरळ म्हटली आणि सोडून दिली. कुणी उचललीच नाही तर, ही धास्ती होतीच. पण अशी उचलली की माझा आवाज मलाच सापडेना. इतकं बरं मला कुठल्याच स्टेजवर वाटलं नव्हतं.

आरतीनंतर बायकांच्या बाजूने एक आजी काठी टेकत आल्या आणि काकांना म्हणाल्या, "आज लई गोड झालं बघा. त्यो वरातीचा गाणारा आला न्हाई वाटतं?"

काका काही बोलणार, तोच मी त्यांना मानेनेच नको म्हटलं.