चिवड्याच्या पाकिटातली आग

पोलिसाच्या नोकरीत असताना बरीच प्रकरणं हाताळली. त्यातली बहुतेक आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. जे प्रकरण जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं, ते मात्र निवृत्तीनंतरचं आणि माझ्या हद्दीबाहेरचं आहे. हद्दीबाहेरचं म्हणजे थेट जपानमधलं.

तोक्योच्या हिगाशी-कसाई भागात माझी मुलगी, जावई आणि नात राहतात. जावई पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले. मी आणि माझी पत्नी काही महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. २०११च्या मोठ्या भूकंपाला तेव्हा काही वर्षं उलटली होती, तरी इमारतीत घरोघरी दाराशी पाणी, बिस्किटं आणि टॉर्च भरलेली पिशवी तयार असायची. ही माणसं मला तिथेच आवडली.

रिकामं बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून घरातलं कचऱ्याचं खातं मी मागून घेतलं. तिथे जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या अशा प्रत्येक कचऱ्याचा वार वेगळा. पिशव्याही आतलं दिसेल अशा. मी दर सकाळी पिशवीची झडती घ्यायचो आणि मगच ती खाली नेऊन ठेवायचो. "बाबा, पंचनामा झाला का?" असं मुलगी विचारायची. मी तिकडे दुर्लक्ष करायचो, कारण तिच्या घरचा कचरा इमारतीत सगळ्यांत शिस्तीचा आहे असं माझं मत होतं.

एका सकाळी कचऱ्याची गाडी आमच्या कोपऱ्यावरच पेटली. मागचा दाबणारा पत्रा खाली आला, आतून धडाका झाला आणि धूर निघू लागला. कामगारांनी आरडाओरडा न करता सगळा कचरा रस्त्यावर ओतला आणि लोकांना लांब केलं. बंब येईपर्यंत ते आग विझवायची लहान नळकांडी घेऊन आगीशी झुंजत होते. त्यात एकाचा हात भाजला. बघ्यांपैकी एकही माणूस पुढे घुसला नाही. इतकी वर्षं गर्दी हटवण्यात घालवलेल्या माणसाला त्याचं मोल कळतं.

दुपारी इमारतीचे व्यवस्थापक घरी आले. अग्निशमन दलाच्या चौकशी अधिकाऱ्यांनी राख चाळून कारण शोधलं होतं. कुणीतरी ई-सिगारेट जळणाऱ्या कचऱ्यात टाकली होती, आणि गाडीत चिरडल्यावर तिची बॅटरी फुटली होती. तिला एक अर्धवट वितळलेलं पाकीट चिकटलेलं होतं. त्याचा फोटो दाखवून, ही लिपी कुठली, असं व्यवस्थापकांनी विचारलं. मी चष्मा लावला. पुण्याहून आम्हीच आणलेल्या चिवड्याचं ते पाकीट होतं. आल्या आल्या आम्ही इमारतीतल्या साऱ्या मराठी घरांत तो वाटला होता. म्हणजे आरोपी आपल्यातलाच, एवढी खबर तर पक्की झाली.

कुणी सांगितलं नसताना मी तपास हाती घेतला. माझा संशय तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या इंजिनिअरवर गेला. केस वाढलेले, दिवसा झोपलेला, नजरेला नजर न देणारा. चहाच्या निमित्ताने त्याच्याकडे गेलो आणि चांगली उलटतपासणी घेतली. शेवटी बिचाऱ्याने दम्याचा पंप आणून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "काका, मी अगरबत्तीसुद्धा लावत नाही." मी चहा संपवून उठलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, पण ते मला कळायला अजून दोन दिवस होते.

रविवारी तळमजल्याच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं. चौकशी अधिकारी एक ठेंगण्या, मृदू बोलणाऱ्या बाई होत्या. मुलगी माझ्या एका बाजूला बसून मराठीत सांगत होती, दुसऱ्या बाजूला जावई होते. आता एकेकाला उभं करतील अशी माझी अपेक्षा होती. बाईंनी तसं काही केलं नाही. दबलेली किंवा टोचली गेलेली बॅटरी आतल्या आत स्वतःच तापत जाते, हे त्यांनी पडद्यावर दाखवलं. चार्ज करताना चटका बसेल इतकी तापली, फुगली, विचित्र वास आला, तर तिला घरात ठेवू नका आणि साध्या कचऱ्यातही टाकू नका, असं सांगितलं. मग त्या कमरेतून वाकल्या आणि जे बोलल्या, ते मुलीने मला शब्दाला शब्द सांगितलं.

"ही वस्तू कुणाची, ते मला आज विचारायचं नाही. पण अशा वस्तू लोक पुष्कळदा जोडीने घेतात. दुसरी कुणाच्या घरात असेल, तर ती कुठे आहे एवढंच सांगा. घरात मुलं असतात."

मी सवयीने चेहरे वाचत होतो, अर्थात समोरचे. तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची सरकली. जावई उभे राहिले. ते आधी जपानीत काही बोलले, मग माझ्याकडे वळले.

"बाबा, ती माझी होती. दुसरी आपल्या घरात आहे. गाद्यांच्या कपाटात, वरच्या फळीवर. फुगलीय ती."

त्या कपाटात माझी नात रोज लपायची. आतून जपानीत "मोऽ इई योऽ" अशी हाक द्यायची, म्हणजे आता शोधायला या. त्या क्षणी ती वर माझ्या पत्नीबरोबर होती. मी अजून खुर्चीतून उठतच होतो.

बाई मात्र दाराशी पोहोचल्याही होत्या. घरात कोण आहे, एवढंच त्यांनी विचारलं. मुलीने फोन केला आणि पत्नी नातीला घेऊन बाहेर आली. बाई हातमोजे घालून, वाळूची लोखंडी बादली घेऊन आत गेल्या. काही वेळाने त्यांनी ती वस्तू खाली आणली. बॅटरी पुरीसारखी फुगून कव्हराबाहेर आली होती. जाण्याआधी त्या जावयांपुढे वाकल्या आणि सांगितल्याबद्दल त्यांनी जावयांचे आभार मानले. आरोपीचे आभार मानणारा अधिकारी मी तोवर पाहिला नव्हता.

जबाब नंतर रीतसर झाला. घरी मात्र जावयांनी सगळं आपणहून सांगितलं. स्वस्त मिळाल्या म्हणून दोन मागवल्या होत्या. आम्ही आल्यावर त्या लपवल्या. एक चार्ज करताना फार तापली, तेव्हा घाबरून ती टाकून द्यायचं ठरवलं. ती व्यवस्थापकांकडे वेगळी द्यायला हवी, हा नियम त्यांना पाठ होता. पण ती तशी वेगळी ठेवली असती, तर सकाळच्या झडतीत माझ्या हाती लागली असती.

"सासऱ्यांसमोर सिगारेट नको, एवढंच डोक्यात होतं," ते म्हणाले. "म्हणून चिवड्याच्या रिकाम्या पाकिटात घालून पिशवीच्या तळाशी टाकली. दुसरी उद्या, परवा करत राहिली."

थोडक्यात, ती बॅटरी मीच माझ्या हाताने खाली नेऊन ठेवली होती. माझी पत्नी एवढंच म्हणाली, "उद्यापासून पिशवी मी बघते." त्या निकालावर अपील नव्हतं.

हात भाजलेल्या कामगाराला भेटायला जावई गेले, तेव्हा मीही बरोबर गेलो. पट्टी बांधलेला तो माणूस आमच्याआधी वाकला. घरातलं लहान मूल बरं आहे ना, असं त्याने विचारलं. जावयांनी ते मला मराठीत सांगितलं आणि मी मान हलवली.

आमच्या ठाण्यात पहिला प्रश्न असायचा, कोणी केलं? त्या बाईंचा पहिला प्रश्न होता, अजून धोका कुठे शिल्लक आहे? नाव मागितलं असतं तर मिळायला आठवडा लागला असता, आणि तोवर ती बॅटरी कपाटातच राहिली असती. एवढी साधी गोष्ट मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवली गेली नाही.

माझ्यासमोर गुन्हा कबूल करणारे खूप पाहिले. कुणी धाकाने बोलले, कुणी थकून, कुणी पुरावा समोर ठेवल्यावर. पण ज्याच्या भीतीने गोष्ट लपवली, त्याच्याच शेजारी उभं राहून, चारचौघांत, आपल्या मुलीसाठी खरं बोलणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझे जावई आहेत, आणि मला त्यांचा अभिमान आहे.