पालकाचं न फोडलेलं पोतं

पालक पावडरीचं पोतं मिक्सरमागे उभं होतं. शिवण जशीच्या तशी. आणि पालक चिप्सचा सगळा लॉट तयार होऊन पॅकिंगला लागला होता.

"कौतिकराव, हे पोतं नवीन ना?" मी विचारलं.

"व्हय मॅडम. जुनं काल रातच्या पाळीत सरलं."

"मग आजच्या मालात पालक कुठून आला?"

कौतिकराव आमचा मिक्सर चालवतात. ते पोत्याकडे बघत राहिले. "भाऊंचं हळदकुंकू लागलं नव्हतं, म्हून मी फोडलं न्हाई. म्हनलं, सकाळी भाऊ आले की पीठ मळताना दुसऱ्या शिफ्टवाला टाकंल."

दुसऱ्या शिफ्टवाल्याला वाटलं, कौतिकरावांनी कधीच टाकलं असेल.

जालन्याच्या एमआयडीसीत चिप्सच्या एका कारखान्यात मी क्वालिटी सांभाळते. दत्ताभाऊ आमचे मालक. नवं पोतं त्यांनी हळदकुंकू लावल्याशिवाय फुटत नाही, आणि मोठ्या ऑर्डरचं पहिलं पाकीट राजूरच्या गणपतीला गेल्याशिवाय गाडी भरत नाही. त्या दिवशी भाऊ दुकानांच्या एका मोठ्या साखळीची ऑर्डर पक्की करायला संभाजीनगरला गेले होते. या लॉटची नमुन्याची पाकिटं ड्रायव्हरने दुपारीच त्यांच्याकडे पोचवली होती.

चूक कुणाकडूनही होते. मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. हा माल मी स्वतः चाखून पास केला होता. जीभ हीच माझी रोजीरोटी, आणि जीभ काहीच बोलली नव्हती.

भाजीचे चिप्स म्हणजे भाजी कापून तळलेली, असं बऱ्याच जणांना वाटतं. आमच्याकडे तसं नसतं. बटाट्याचा स्टार्च, मक्याचं आणि तांदळाचं पीठ एकत्र मळायचं. ते एक्स्ट्रूडरमधून दाबून काढायचं; एक्स्ट्रूडर म्हणजे आपल्या सोऱ्याचा थोरला भाऊ. मग वाळवायचं. याला पेलेट म्हणतात. तेलात पडलं की कुरडईसारखं फुलतं. हिरवा रंग मळायच्या पाण्यातूनच जातो. पालकाची चव म्हणजे फ्लेवर, तो शेवटी फिरत्या ड्रममध्ये मसाल्याबरोबर वरून बसतो. आणि खुद्द पालक? पोतंभर पिठाला दोन-चार मुठी पावडर.

मी ड्रमच्या खोलीत गेले. खोलीभर ओल्या जुडीचा वास होता, आत्ताच कुणी पालक निवडून उठून गेल्यासारखा. मी कोपरे बघितले, ड्रमच्या मागे बघितलं. काय शोधत होते, देव जाणे. त्या खोलीत हिरवं पान कधी आलंच नव्हतं. रोजचाच वास होता तो, पण त्या दिवशी मला तिथे एकटीने थांबवेना.

लॅबमध्ये येऊन मी दोन ताटल्या मांडल्या. एकीत कालचा माल, एकीत आजचा. ताटल्यांची जागा कौतिकरावांना बदलायला सांगितली आणि डोळे मिटले. एक चिप तोंडात टाकला. पालक. दुसरा टाकला. पालक, आणि जरा जास्तच.

"हा खरा," मी दुसऱ्या ताटलीवर बोट ठेवलं.

मी डोळे उघडले. बोट आजच्या मालावर होतं.

पॅकिंगच्या बायकांना बोलावलं. एकजात सगळ्यांनी तीच ताटली दाखवली. "ह्याच्यात पालक बराबर लागतो," एक जण म्हणाली. अंगावर काटा आला. कारण नंतर सुचलं: खरी पावडर थोडी मातकट असते, ती नसली की फ्लेवर मोकळा सुटतो. पण कारण कळलं म्हणून काटा गेला नाही.

संध्याकाळी भाऊ परतले. मी सगळं सांगितलं.

"रंग?"

"बरोबर आहे."

"चव, वास?"

"जास्तच आहे."

"मंग अडलंय कुठं? सकाळी गाडी भरायची हाय. अशी ऑर्डर पुन्यांदा दारात येनार न्हाई."

"भाऊ, पाकिटावर पालकाची जुडी छापलीय. आत एक पान नाही. मी सही करणार नाही."

"कोनाला कळनार हाय? मॅडम, तुम्हाला तरी कळलं का?"

हे वर्मी बसलं. रागाच्या भरात तोंडून निघून गेलं, "मग राजूरला पहिलं पाकीट नेणार ना? देवापुढं काय म्हणून ठेवणार?"

भाऊंनी पाकीट हातात उलटंसुलटं केलं. म्हणाले, "त्याला चाखायची जरूर न्हाई पडत." मग उठले. "सगळ्या पाकिटांना कात्री लावा, माल बाहेर काढा."

तो माल साध्या पाकिटात 'मसाला चिप्स' म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी भाऊंनी पोत्याला हळदकुंकू लावलं, पावडर पडली, नवा लॉट निघाला, राजूरला पाकीट गेलं, गाडी भरली. मला वाटलं, सुटलो.

आठवड्याने साखळीवाल्यांचा फोन आला. भाऊंनी स्पीकरवर टाकला.

"माल ठीक आहे, पण नमुन्यात पालक जास्त होता. आता हात आखडता घेतला का? आम्हाला नमुन्यासारखाच माल पाहिजे."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी सरळ सांगून टाकलं, "साहेब, नमुन्यात पालक नव्हताच. चुकून राहिला होता."

पलीकडचा माणूस हसला. "मॅडम, थट्टा करू नका. आम्ही चाखलाय."

शेवटी पालक तेवढाच ठेवला आणि फ्लेवर वाढवला. ऑर्डर टिकली.

त्या रविवारी अंबडजवळ आमच्या शेतावर आईकडे गेले. विहिरीकाठचा पालक तिने माझ्यासमोर खुडला आणि पातळ भाजी केली. "कशी झालीय गं?" तिने विचारलं. मी घास तोंडात घोळवत राहिले. ऊन होता, मऊ होता, मीठ बेताचं होतं. पालक काही लागेना. "आई, यात पालक..." एवढं ओठांवर आलं आणि मी घाबरून दुसरा घास घेतला.

तर पाकीट घ्याल तेव्हा उलटं करून मागची यादी वाचा. सगळ्यांत जास्त जे असतं ते आधी लिहितात. आमच्या पाकिटावर पालक मिठाच्याही खाली आहे. वाचून खात्री करा, चाखून करायला जाऊ नका. मी चाखायचाच पगार घेते.